दर्याच्या उंबऱ्याशी

“आजोबा, पायरीच्या खाली नाय जायचं. बावटा लाल आहे.”

दादर चौपाटीच्या शेवटच्या पायरीवर जीवरक्षक कुशाबा परब आडवा उभा राहिला. श्रावणातली दुपार होती. भरती चढत होती, पाणी भिंतीवर आपटून गुरगुरत परत फिरत होतं. समोर सत्तरी उलटलेले चिंतामणी आगाशे, हातात लाल फडक्याने तोंड बांधलेला तांब्याचा कलश. मागे छत्री सावरत त्यांची नात ऋता.

“माझी बायको आहे यात,” आगाशे म्हणाले. “मृणालिनी. रोज संध्याकाळी इथे फिरायला यायची. इथेच सोड म्हणाली होती.”

“सोडा की. पण चारनंतर पाणी उतरायला लागेल. तोवर माझ्या खुर्चीत बसा, चहा सांगतो. मग मी स्वतः येतो तुमच्यासोबत.”

“मी इंजिनिअर आहे. पस्तीस वर्षं या समुद्राला भिंती घातल्यात. तुम्ही मला समुद्र शिकवणार?”

“शिकवत नाय, साहेब. विनवतोय.”

आगाशे एक पाऊल मागे सरले. कुशाबाला वाटलं, ऐकलं. तेवढ्यात पलीकडच्या दगडांवर कॉलेजची दोन पोरं मोबाइल घेऊन चढताना दिसली, म्हणून तो शिट्टी फुंकत तिकडे चार पावलं गेला. वळला तो ऋताच्या किंकाळीनेच.

आगाशे गुडघाभर पाण्यात उतरले होते. एका लाटेने त्यांना बसवलं, आणि परतणाऱ्या पाण्याने उचलून नेलं.

कुशाबाने लाल ट्यूब खांद्यात अडकवली आणि उडी घेतली. पाणी गढूळ, जड. दहा-बारा हात मारल्यावर त्याला पांढरा सदरा दिसला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी कलश छातीशी धरला होता आणि नाकातोंडात पाणी जात होतं.

“ट्यूब धरा! कलश सोडा!”

“नाही! तिला नाही सोडणार!”

कुशाबाने ओढाओढ केली नाही. बुडत्याचे हात हिसकले की दोघंही जातात, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने ट्यूब आगाशांच्या पाठीखाली सारली, एक हात त्यांच्या काखेतून घातला आणि किनाऱ्याकडे जायची धडपडच थांबवली. भिंत लांब लांब जाऊ लागली. वरून पाहणाऱ्यांना वाटलं असेल, याने हात टेकले. पण परतणाऱ्या पाण्याच्या ओढीशी झगडणारा थकतो आणि संपतो. ओढ आपणहून सैल होईपर्यंत तोंड पाण्यावर ठेवायचं आणि वाट बघायची, एवढंच माणसाच्या हातात असतं.

“काय करू नका, साहेब. नुसते पडून राहा. नेऊ दे दर्याला.”

कुशाबाचं वय एकोणसाठ. उजव्या पोटरीत गोळा आला. पुष्कळ वर्षांनी त्याला भीती वाटली, आणि गावच्या देवळात त्याचा बाप घालायचा तसं गाऱ्हाणं आपोआप तोंडून निघालं.

“बा दर्या म्हाराजा, आमी तुज्या पायाकडची लेकरां. चूकभूल झाली असात तर पदरात घे. ह्या म्हाताऱ्याक घराक जाऊ दे रे म्हाराजा...”

समोरून एक लाट उठली. आगाशांनी मान वर केली. जिथे आभाळ असायला हवं होतं तिथे पाणी होतं. आयुष्यभर त्यांनी या पाण्याची उंची, जोर, उसळी कागदावर मांडली होती. त्याच्या खालून त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. लाटेने दोघांना काडीसारखं वर नेलं आणि खाली ठेवलं.

ती गेल्यावर आगाशांची बोटं हळूहळू उघडली. कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

“जा,” ते कलशाला म्हणाले.

कलश एकदा डोलला, लाल फडकं दिसलं, मग दिसेनासं झालं. आगाशांनी दोन्ही हातांनी ट्यूब धरली.

पुढे वरळीच्या अंगाला ओढ सैल पडली. कुशाबा तिरका पोहत आला. त्याचा जोडीदार शिवा दोर घेऊन भिंतीवरून धावतच होता. बाहेर काढल्यावर आगाशे ओकले, रडले, मग नातीला कवटाळून बसले.

संध्याकाळी लालबागच्या खोलीत मालनने नवऱ्याच्या पोटरीला तेल चोळलं. बातमी आधीच तिच्या कानावर आली होती.

“तुमका काय झाला असता तर? वय काय तुमचा, आठवता?”

“दर्यान सोडल्यान ना? मग झाला तर.”

मालनचे चोळणारे हात बराच वेळ थांबले नाहीत.

पंधरवड्याने आगाशांनी दादरच्या एका सभागृहात कुशाबाचा सत्कार ठेवला. मालन पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. सूत्रसंचालक अवधूतने मानपत्र वाचायला घेतलं, “समुद्राला हरवणारा वीर...”

“तेवढं खोडा,” कुशाबा खुर्चीतून उठत म्हणाला.

सभागृहात हशा झाला. कुशाबा हसला नाही. तो माईकपाशी आला.

“दर्याला कोण हरवणार? त्या दिवशी त्याने ठेवून घेतलं असतं तर मीपण गेलो असतो, साहेबपण गेले असते. देवाने त्याला केवढा केलाय, आणि आपल्याला केवढं. मी फक्त त्याच्या उंबऱ्याशी उभा असतो. मला पोहता येतं याचा अभिमान आहे. कुठवर पोहायचं ते कळतं, याचा त्याहून जास्त आहे.”

हशा विरला होता. सगळ्यात आधी आगाशे उभे राहिले, काठीवर भार देऊन. मालनने डोळ्यांना पदर लावला, पण मान ताठ होती.

“आजवर किती जणांना वाचवलंत?” अवधूतने विचारलं.

कुशाबा गोंधळला. “कसं सांगू?” एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

रविवारी पुन्हा मोठी भरती होती. एक बाई दोन मुलांना घेऊन पायऱ्या उतरली. कुशाबा आडवा उभा राहिला.

“अहो, आम्ही वसईहून आलोय! पायपण भिजवायचे नाहीत? बापाची आहे का चौपाटी?”

“नाय हो ताई. आज नको. ओहोटीला या.”

“चला रे! यांना जरा वर्दी दिली की राजे समजतात स्वतःला.”

ती मुलांना ओढत निघाली. धाकट्याने भोकाड पसरलं. थोरल्याने मागे वळून जीभ काढून दाखवली. इतक्या वर्षांत अशी किती माणसं त्याला शिव्या देत घरी गेली होती, याची नोंद कुठल्याच मानपत्रात होणार नव्हती.

मागे भिंतीवर लाट फुटली. कुशाबाची पाठ भिजली, पण तो वळला नाही. ती तिघं रस्ता ओलांडेपर्यंत तो त्यांच्या पायांकडे बघत राहिला. तिघांच्याही चपला कोरड्या होत्या.