गॉर्डनच्या नावावरचा गोल

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. पाणी साठवायचा नव्हे हं, आंघोळीचा. इंग्लंडमधल्या हार्डेनशॉ गावच्या फुटबॉल मैदानावर, प्रेक्षकांच्या लाकडी स्टँडखाली, कपडे बदलायच्या खोलीला लागून माझी जागा. मला बांधणारा गवंडी तोंडात पाइप धरून एकेक पांढरी फरशी बसवायचा आणि बोटाने ठोकून बघायचा. पोकळ आवाज आला की ती काढून पुन्हा बसवायचा. अकरा माणसं एकदम मावतील एवढं मोठं पोट त्याने मला दिलं. पहिल्यांदा गरम पाणी आत आलं तेव्हा मी मनातून फुलून गेलो होतो.

शनिवारी सामना संपला की सगळा संघ माझ्यात उतरायचा. मी मैदान कधीच पाहिलं नाही, पण डोक्यावरच्या फळ्यांवर हजारो बूट आपटायला लागले की काय झालं ते मला कळायचं. आपला गोल झाला तर फळ्यांमधली धूळ माझ्या पाण्यात पडायची. उरलेली हकिगत खेळाडूंच्या तोंडून ऐकायला मिळायची. गरम पाण्यात माणूस खरं बोलतो, हे मी अनुभवाने सांगतो.

पाणी तापवायचं काम आल्फकडे होतं. बॉयलरला कोळसा तोच घालायचा, त्यामुळे नियमही त्याचाच. जो कमी मळला तो आधी उतरणार, जो चिखलाने माखला तो शेवटी. म्हणजे कडेने पळणारे आघाडीचे गडी पहिल्या वाफाळत्या पाण्यात. त्यात डगी फेअरक्लफ सगळ्यात पुढे. त्याच्या चड्डीला चिखलाचा ठिपका नसायचा. ओठात सिगारेट, हातात चहाचा कप, आणि जिभेला हाड नाही.

सगळ्यात शेवटी यायचा गॉर्डन हॅस्लम. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा, पाठीवर पाच आकडा असलेला. तो यायचा तोवर पाणी कोमट आणि चहाच्या रंगाचं झालेलं असायचं. वीस वर्षं त्याने तेच पाणी अंगावर घेतलं आणि एकदाही कुरकुर केली नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं, खांदे हाडकुळे, कान मोठे. त्याचा बाप गिरणीत होता. त्या दिवशी समोरच्या संघाच्या दांडग्या गड्याने त्याला कोपराने असा हाणला होता की त्याचं नाक एका बाजूला गेलं होतं. डगी म्हणाला, "अरे, याचं नाक तर कोपऱ्यावरून वळून बघतंय." सगळे हसले, गॉर्डनही हसला आणि नाकातून रक्त यायला लागलं. पुढच्या शनिवारी तो त्याच नाकाने पुन्हा खेळला.

मित्रांनो, त्या शरीराचं मला फार नवल वाटायचं. वर्षं गेली तशी त्यावर एकेक खूण वाढत गेली. भुवईवर टाके, नडगीवर बुटांच्या खिळ्यांचे चरे, मोडून वाकडी जुळलेली करंगळी. एकदा कपाळ फुटलं होतं. स्पंज आणि बादली घेऊन धावणाऱ्या आमच्या मास्तरांनी ते तिथल्या तिथे बांधलं, आणि गॉर्डनने उरलेला सगळा सामना त्याच कपाळाने चेंडू परतवले. माझ्यात उतरला तेव्हा पाणी लाल झालं.

"गॉर्डन, आम्ही आंघोळीला बसलोय," डगी कप वर धरून म्हणाला. "टोमॅटो सुपात नाही."

"मग मीठ टाक आणि पी," गॉर्डन म्हणाला.

तो फार मोठा खेळाडू होता का? तर नाही. सगळा जन्म त्याने चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या विभागात काढला. वरच्या एका क्लबचा माणूस त्याला बघायला आला, तर नेमका त्याच दिवशी आमच्यावर पाच गोल चढले. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पण डोक्यावरचे बूट एकदम शांत व्हायचे, सगळं गाव श्वास रोखून धरायचं, आणि मग चेंडू लांब भिरकावल्याचा धप्प आवाज यायचा. तो गॉर्डनचा पाय असायचा. माझ्या भिंतीसुद्धा तेव्हा सैल व्हायच्या.

डगी त्याला एका गोष्टीवरून कायम छळायचा. "या बाबाने जन्मात एक गोल केला नाही. ना त्यांच्या जाळ्यात, ना आपल्या."

"त्यांच्या जाळ्याचं सोड," गॉर्डन म्हणायचा. "आपल्या जाळ्यात नाही, हे लक्षात ठेव."

एवढ्या एकाच गोष्टीचा त्याला अभिमान होता. बचाव करणाऱ्याच्या पायाला, डोक्याला, पाठीला लागून चेंडू कधी ना कधी आपल्याच जाळ्यात जातोच. भल्याभल्यांचा गेलाय. गॉर्डनचा गेला नव्हता. पबमध्ये बाहेरगावचा माणूस भेटला की आमचे लोक हे आधी सांगायचे, हवापाणी नंतर.

शेवटी त्याच्या गुडघ्याने हात टेकले. माझ्या पायऱ्या उतरताना तो भिंत धरायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, या मोसमानंतर बास. गावच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी पितळी पाटी करवली. त्यावर त्याचं नाव, आणि खाली 'आपल्या जाळ्यात कधीही नाही'. शेवटच्या सामन्यानंतर ती मैदानात जायच्या वाटेवर लावायची होती. आल्फने ती आदल्या दिवशी घासूनपुसून माझ्या कडेवर ठेवली होती. काय चकाकत होती.

त्या वर्षी आमचा गोलरक्षक होता ट्रेव्हर लॉमॅक्स. हात चांगले होते बिचाऱ्याचे, पण नशीब फुटकं. दोन क्लबांनी हाकललेला, आणि घरी तान्हं बाळ. मोसमभर त्याच्या हातून चेंडू निसटत होते. व्यवस्थापक क्रॉशॉ म्हणजे कडक माणूस. शुक्रवारी त्याने सगळ्यांसमोर सुनावलं, "उद्या तुझ्या चुकीने एक जरी गोल झाला, तर पुढच्या मोसमात दुसरीकडे बघ." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते ट्रेव्हरला ठाऊक होतं. मेहुण्याच्या कोळशाच्या गाडीवर.

शनिवारी धो धो पाऊस. सामना संपत आला तेव्हा दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. मग डोक्यावरचे बूट थांबले, आणि थांबलेच. धप्प आवाज आलाच नाही. बऱ्याच वेळाने भोंग्यातून निवेदकाचं बोलणं खाली झिरपलं. गोल झाला होता. स्वयंगोल, म्हणजे आपल्याच जाळ्यात. हॅस्लम.

मला खरं वाटेना. पाटी माझ्या कडेवर होती.

गडी आत आले. डगी सिगारेट न पेटवताच पाण्यात उतरला. एकेक करत सगळे उतरले, शेवटी गॉर्डनही भिंत धरून उतरला. ट्रेव्हर मात्र चिखलाच्या कपड्यांतच बाकावर बसून राहिला. आमच्याकडे हरलेला माणूसही हौदात उतरतो. न उतरणं म्हणजे मी तुमच्यातला नाही असं म्हणणं.

"तुझा पाय लागलाच नव्हता," ट्रेव्हर म्हणाला. "माझ्या हातातून सुटला, पायांमधून गेला. तू नंतर घसरत आलास. चेंडू आत गेला तेव्हा तू वीतभर मागे होतास."

"हातभर," गॉर्डन म्हणाला. "गुडघा धड असता तर पोचलो असतो."

"मी बॉसला सांगतो."

"गप बस."

"ती पाटी आहे तुझी तिथे, गॉर्डन."

"पाटी दिसतेय मला. तुझं बाळ केवढं झालं?"

 

तेवढ्यात दार ढकलून क्रॉशॉ आत आला. मागे गावच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर, टोपीवरून पाणी ठिबकतंय. क्रॉशॉने आधी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पावसात मला नीट दिसलं नाही," तो म्हणाला. "शेवटी लागला कोणाला?"

गॉर्डन हनुवटीपर्यंत माझ्या गढूळ पाण्यात होता. वीस वर्षांत जे एक जपलं होतं, ते आणि ट्रेव्हरचं तान्हं बाळ, दोन्ही त्या क्षणी त्याच्या जिभेवर होतं. शेवटचा सामना होता. हा डाग पुसायला पुढचा शनिवार येणार नव्हता.

"मला," तो म्हणाला. "डाव्या पायाला."

ट्रेव्हर उठायला लागला. त्याआधीच डगी बोलला. वीस वर्षं ज्याने गॉर्डनला सुखाने आंघोळ करू दिली नाही, तो डगी.

"मी शेजारीच होतो, बॉस. त्याच्याच पायाला लागला. वाजला सुद्धा."

मग कोपऱ्यातला दुसरा म्हणाला, "मीही पाहिलं." तिसऱ्याने मान हलवली. एकेक करत सगळा हौद खोटं बोलला. मित्रांनो, मी चर्चमधल्या पाळकांची प्रवचनं ऐकलेली नाहीत, पण त्या दिवशी त्या मातकट पाण्यात मी जे ऐकलं त्याहून पवित्र काही असेल असं मला वाटत नाही.

क्रॉशॉने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं का, देव जाणे. "असं म्हणता," एवढंच बोलून तो गेला. वार्ताहरही टोपी झटकत गेला.

"ये रे ट्रेव्हर," गॉर्डन म्हणाला. "पाणी गार होतंय."

ट्रेव्हर कपड्यांसकट उतरला. त्याचं तोंड ओलं होतं, पण हौदात कोण ते बघत बसतं. पाटी आल्फने उचलली आणि डुगडुगणाऱ्या बॉयलरच्या पायाखाली उपडी सारली.

पुढे ट्रेव्हरचं नशीब उघडलं. भीती गेली आणि हातांना डिंक लावल्यासारखे चेंडू चिकटायला लागले. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. गॉर्डन दूध वाटायची गाडी चालवायला लागला. तो दिसला की पोरं ओरडायची, "काका, बाटली आपल्याच दारात ठेवू नका." ट्रेव्हर दरवर्षी खरं सांगायला निघायचा आणि गॉर्डन दरवर्षी त्याला दम भरायचा. हे भांडण ते माझ्याच कडेवर बसून करायचे, म्हणून मला ठाऊक.

नंतर शॉवर आले. एकमेकांच्या पाण्यात आंघोळ करणं घाणेरडं ठरलं. असेलही बाबा. माझ्यात रंगाचे डबे, फाटकी जाळी, मोडक्या खुर्च्या पडल्या. गवंड्याने ठोकून बसवलेल्या फरशा निखळायला लागल्या. आल्फ गेला, डगी गेला. मागच्या हिवाळ्यात ट्रेव्हरही गेला, आणि त्याला पोचवायला सगळं गाव लोटलं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत गॉर्डन होता, त्या गुडघ्यानिशी.

परवा तो आला होता. सोबत त्याची नात, फ्रेया. पुढच्या आठवड्यात मला बुजवून वर काँक्रीट ओतणार आहेत, म्हणून तिला मला दाखवायला आणलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने माझ्या कडेवर बसून पाय आत सोडले.

"आजोबा, वर्गातली मुलं मला चिडवतात. तुम्ही आपल्याच जाळ्यात गोल मारलात म्हणून आपण हरलो. खरं आहे का?"

मला वाटलं, आता तरी सांगेल. ट्रेव्हर गेला, क्रॉशॉ कधीच गेला. समोर स्वतःची नात, तिचे डोळे भरलेले. एका शब्दाचं काम होतं.

गॉर्डनने माझी भिंत चाचपली.

"खरं आहे," तो म्हणाला. "डाव्या पायाला लागला."

"मग तुम्ही रडलात?"

"नाही गं. आंघोळ केली."

ती हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. जाताना ती त्याचा हात धरायला विसरली, आणि त्याने तो पुढे करून ठेवला होता.

मित्रांनो, हौदाला वाचवा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आयुष्य झालं, आणि फार चांगलं झालं. एवढंच करा. हार्डेनशॉची फ्रेया कुठे भेटली, तर तिला सांगा की तुझ्या आजोबांचा पाय चेंडूला लागला नव्हता. चांगला हातभर मागे होता. आणि मग तो गोल कोणाचा, असं तिने विचारलं, तर ट्रेव्हरचं नाव घेऊ नका. म्हणा, पाऊस फार होता, चेंडू ओला होता.