देवीला अर्धाच प्रश्न

२००१ च्या मार्चमधले ते दिवस आठवले की अजूनही माझा पाय एका जागी ठरत नाही. माझी भाची भार्गवी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची आई गेल्यापासून मी राजापूरजवळ भावाकडेच राहत होते. भार्गवीच्या जांघेत गाठी आल्या, मुंबईला तपासलं, कॅन्सर निघाला. ओटीपोटावर किरणं द्यावी लागणार होती. त्या किरणांनी अंडाशय निकामी होतात, पुढे मूल होत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी दुर्बिणीतून ऑपरेशन करून अंडाशय किरणांच्या वाटेतून वर सरकवून बांधता येतात. खात्री देत नाही, पण आशा आहे. उपचार आठवडाभर पुढे जातील, तेवढं चालेल. सोमवारपर्यंत कळवा."

तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ देवदत्त, मुंबईहून घरी आला. "ताई, आठ दिवसांत वाढलं तर?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी स्वयंपाकघरातून पडवीत, पडवीतून बागेत. दोनदा भात करपला. शुक्रवारी तो म्हणाला, "देवीला कौल लावू."

देवळात पाचसहा माणसं होती. बाबल्या गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको.

"काय विचारायचं, दादा?"

"मुंबईचं एक काम आहे. करावं की नको, एवढंच."

"कसलं काम? जमिनीचं की नोकरीचं? देवीला कोड्यात घालता की काय?"

"तू विचार रे!"

बाबल्याने गाऱ्हाणं घातलं. माझे डोळे उजव्या कळीवर. सुटली ती डावी.

"झालं. देवी नको म्हणते," देवदत्त सुटल्यासारखा बोलला.

मला राहवेना. "कशाला नको म्हणते? किरणंही मुंबईलाच आहेत ना? मग तीही नकोत?"

त्याचा चेहरा उतरला. "तसं नव्हे गो," तो हळूच म्हणाला. "चारचौघांत कसं बोलायचं ते? उद्या हिला करून कोण घेईल?"

भार्गवी खांबाला टेकून बसली होती. ती उठली. "बाबल्यादादा, मी सांगते. मला कॅन्सर आहे. किरणांच्या आधी मी अंडाशय वर बांधून घेणार आहे. पुढे मला मूल हवं असेल, म्हणून."

बाबल्याने ताटातल्या दोन कळ्या उचलल्या.

"मग... नव्या कळ्या लावू?"

"नको. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"बाय गो, असं गाऱ्हाणं माझ्या बापानेही घातलं नसेल," म्हणत बाबल्याने कळ्या ताटात ठेवल्या.

देवदत्त चपला हातात घेऊन तापलेल्या पायऱ्या उतरू लागला. आम्ही मागोमाग.

"बाबा, मलाही भीती वाटते," भार्गवी म्हणाली. "पण एकदा किरणं दिली की हे करता येणार नाही."

तो थांबला नाही. शेवटच्या पायरीवर मात्र वळला.

"टाके किती पडतात?"

"तीन ठिकाणी. एकेक, दोनदोन."

"कुठे?"

तिने पोटावर बोट टेकवून दाखवलं. गेला महिनाभर तो तिच्याकडे नीट बघतच नव्हता. आता बघितलं.

"सोमवार कशाला हवा?" तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे ना जवळ?" आणि तसाच अनवाणी फोनच्या बूथकडे निघाला.