निरोगी माणसांचं रक्त

रक्त गोठवणारी प्रथिनं मोजायच्या त्या प्रयोगशाळेत एक रीत होती. रोग्याचं प्रमाण कमी की जास्त हे ठरवायला आधी धडधाकट माणसांचं रक्त लागतं, आणि धडधाकट माणसं काही बाजारात मिळत नाहीत. म्हणून दरवर्षी तिथल्या लोकांनी आपलीच नात्यागोत्यातली माणसं पकडून आणायची, प्रत्येकाची नळी तपासायची, चांगल्या निघालेल्या एकत्र करायच्या आणि त्या मिश्रणाला शंभर टक्के मानायचं.

प्रयोगशाळेची प्रमुख, घरातली धाकटी, स्वतः कधी रक्त देत नसे. अंगात मुळातच रक्त कमी, म्हणून सूट. यंदा माणसं कमी पडली तेव्हा तिने बाही वर सारली, आणि त्या गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी आठव्या घटकापुढे आकडा आला चौतीस टक्के. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने पुन्हा लावून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं. बाकी सगळे जागच्या जागी आणि एकटा आठवा खाली, म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. हा दोष बाई अंगात वागवते आणि भोगतो तिचा मुलगा. कुठे कापलं की रक्त थांबता थांबत नाही. तिच्या पाच वर्षांच्या लेकाचे टॉन्सिल सोमवारी काढायचे होते.

तिने लेकाला शाळेतून उचलून आणलं, स्वतःच्या हाताने सुई टोचली, नळी यंत्रात ठेवली आणि त्याला घरी पाठवलं. मग ताईला फोन लावला. काहीही बिनसलं की लहानपणापासून ती ताईलाच सांगायची.

"आपल्यात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास होता का गं?"

ताईने उलट विचारलं, "आईशी बोललीस का?"

ज्याला काही ठाऊक नसतं तो आधी "काय झालं" विचारतो.

थोड्या वेळाने ताई प्रयोगशाळेत आलीच, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत. खुर्चीत टेकली आणि भडाभडा बोलली. मामा झाडावरून पडून गेला हे खोटं होतं. दात काढल्यावर रक्त वाहून गेला तो. धाकटीचं लग्न आधी जमलं, तेव्हा आलेलं स्थळ हातचं जाईल म्हणून आईने तोंडातून ब्र काढला नाही. पुढे ताईचं लग्न ठरलं तेव्हा मात्र आईने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या वर्षी तू रक्त द्यायला आलीस ते..."

"माझं बघायला आले होते. बाहेर तपासलं असतं तर बोभाटा झाला असता. तूच म्हणालीस, एकशे दहा, मस्त आहे. तुझा लेक तर तेव्हा रांगत होता. सांगून काय उपयोग?"

सुईला घाबरणारी ताई केवळ आपल्यासाठी आली, हे धाकटीने वर्षानुवर्षं कौतुकाने ऐकवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भोळेपणाची लाज वाटली.

"सोमवारचं तुला माहीत होतं, ताई."

"मी आईला म्हटलं, तू सांग. आई म्हणाली, तू सांग."

यंत्राने लेकाचा आकडा दिला. नऊ टक्के. धाकटीने तिथल्या तिथे सर्जनला फोन करून शस्त्रक्रिया थांबवली.

ताईने डोळे पुसले. "वाचला गं बाई. मी आपली नशिबाने सुटले, तुझ्याच वाट्याला आलं."

धाकटीची नजर तिच्या पोटावर गेली. आपणही गप्प बसावं, होऊ दे फिट्टंफाट, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"तू सुटलीस असं कोण म्हणालं?" ती म्हणाली. "दोष असूनही कितीतरी जणींचा आकडा चांगलाच येतो. जनुकं तपासल्याशिवाय कळत नाही. एका शब्दाने विचारलं असतंस, तर त्याच दिवशी सांगितलं असतं मी."

ताईने पोटावर हात ठेवला. "आणि मुलगा असला तर?"

"हात पुढे कर," धाकटी म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडे न बघता शीर शोधू लागली.