फुकटचं नको

'फुकट' हा शब्द कानावर पडला की साहेबरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. होणारच की! नामांतरासाठी माणसानं लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. पुढं मागासवर्गीयांच्या कोट्यातून वाळूजला प्लॉट मिळाला, तर पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले, वर्कशॉप उभं केलं. तरी टपरीवर टोमणा ठरलेला, "तुमचं बरं हाय राव, समदं फुकटात!" तेव्हापासून साहेबराव दुकानदारानं दिलेलं कॅलेंडरसुद्धा घेत नसत, विकत आणत.

ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ते लढले, तिथंच त्यांची पोरगी संघमित्रा कॉम्प्युटर शिकली. वर्कशॉपातल्या साच्यांची ड्रॉइंगं काढायला तिनं एक प्रोग्राम आणला.

"अप्पा, जगभरातल्या लोकांनी मिळून केलाय हा. आतलं सगळं उघडं आहे. बिघडला तर कुणालाही दुरुस्त करता येतो. पैसे लागत नाहीत."

"फुकटचा? मग नको."

"कुणाला कळणारय अप्पा?"

"मला कळंल ना!"

लीलाबाईंनी नवऱ्याला परोपरीनं समजावलं. पण साहेबराव कसले ऐकतात! त्यांनी पुण्याच्या एका कंपनीचा महागडा प्रोग्राम घेतला आणि त्याचं बिल फ्रेम करून भिंतीवर लावलं. दरसाल कंपनीकडून नवा नंबर यायचा, तो टाकला की वर्षभर काम चालायचं. कागदावरची जुनी ड्रॉइंगं रद्दीत गेली. पोरगी हिरमुसली, आणि बंगळूरला नोकरी धरून निघून गेली. ते बिल मात्र साहेबराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिले.

काही वर्षांनी पुण्याची ती कंपनीच बुडाली. नंबर आला नाही. फोन कुणी उचलेना. पडद्यावर ड्रॉइंगांची नावं दिसायची, पण एकही उघडेना. नेमकी तेव्हाच एका मोठ्या कारखान्यानं जुन्या साच्यांची ऑर्डर देऊ केली. ती मिळाली तरच वर्कशॉप तरणार होतं. साहेबरावांनी मान खाली घालून पोरीला फोन लावला.

ती आली बिचारी, दुसऱ्याच दिवशी. प्रवासाचे कपडेही न बदलता कॉम्प्युटरपुढं बसली. लीलाबाईंनी दिलेला चहा तसाच निवला. संध्याकाळी तिनं मान हलवली.

"नाही उघडत, अप्पा. आतलं कसं लिहिलंय ते फक्त त्यांनाच ठाऊक."

ऑर्डर गेली. साहेबराव बंद मशीनला टेकून उभे राहिले. लई चुकलं, असं त्यांना आतून वाटत होतं. शेवटी कसंबसं म्हणाले, "तुझं ते फुकटचं घ्यायला हवं व्हतं गं."

"फुकटचं नव्हतं अप्पा, सगळ्यांचं होतं." संघमित्रानं कॉम्प्युटर बंद केला. "महाडला चवदार तळ्याचं पाणी आपली माणसं काय फुकट मिळतं म्हणून प्यायली होती?"

साहेबरावांनी भिंतीवरची बिलाची फ्रेम काढून खाली ठेवली. दर भीमजयंतीला वस्तीतल्या पोरांना तळ्याची गोष्ट तेच तर सांगायचे.