गुणाजीची तेलाची विहीर

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" गुणाजीने आरोळी ठोकली आणि लालबागच्या नाक्यावरचा अख्खा मोर्चा गरजला, "झालाच पाहिजे!"

गुणाजीचा आवाज म्हणजे चाळीची इस्टेट. गिरणीच्या स्पिनिंग खात्यात यंत्रांना तेल घालण्यात त्याची हयात गेलेली. त्या खडखडाटात बोलायचं तर ओरडूनच. त्यामुळे मोर्चा निघाला की चाळ त्याला वाजंत्र्यांसारखा पुढे काढी.

पुढच्या घोषणेसाठी त्याने छाती भरली, तोच शेजारचा सीताराम कानाशी लागला. "गुणाजी, तुजी ती तेलाची विहीर खंबायतेकडं ना? मग राज्य वेगळं झालं तर ती गुजरातेत जाणार की रे!"

"मुंबईसह..." गुणाजी म्हणाला आणि त्याचा आवाज तिथेच बसला. मोर्चा ताटकळला. शेवटी सीतारामनेच घोषणा पुरी केली, पण त्याच्या आवाजाने साधा कावळाही उडाला नाही.

त्याचं असं झालं होतं. ठाकूरद्वारच्या रमाकांत नावाच्या एजंटाने गुणाजीला एका चिमुकल्या तेलशोधक कंपनीचे शेअर विकले होते. विहीर अजून खणायची होती, म्हणून तर भाव स्वस्त. "तेल लागल्यावर सगळेच धावतील, गुणाजीराव. आधी घेतो तो शहाणा." त्या 'राव'नेच गुणाजी विरघळला. जन्मभर मालकाच्या यंत्रांना तेल घातलं, आता तेलही आपलं असणार होतं! पैशांसाठी त्याच्या बायकोने, कौसल्येने, आपल्या आईची मोहनमाळ गळ्यातून काढून दिली. "पण माका ती परत व्हयी हां," एवढंच ती म्हणाली. गुणाजीने देवासमोर शब्द दिला. एजंटाने नमुना म्हणून काळ्या तेलाची लाखबंद बाटली दिली होती. ती देव्हाऱ्यात बसली आणि रोज हळदकुंकू घेऊ लागली. न खणलेल्या विहिरीचा नमुना आला कुठून, हे मात्र चाळीत कुणालाच सुचलं नाही. देव्हाऱ्यातल्या वस्तूला कोण प्रश्न विचारतो?

मोर्चाहून आलेला गुणाजी पानावर नुसता बसून राहिला.

"ओ, आवाज कित्याक बसलो तुमचो?" कौसल्येने विचारलं.

"राज्य मागतंय तर तुझी माळ जाता. माळ राखूची तर तोंड बंद ठेवूक व्हया. काय करू?"

"आधी जेवा. उपाशी माणसाक राज्यय गावणा नाय नि तेलय."

जेवताना त्याला गावची विहीर आठवली आणि घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो ठाकूरद्वारला एजंटाच्या खोलीत हजर.

"साहेब, विहीर कधी वाटत नाहीत. आमच्या गावी तीन भावांनी घर वाटलं, आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटल्या, पण विहीर सामाईक. ज्याची पाळी, तो पाणी काढतो. तसं कंपनीच्या कागदात चढवा. राज्य वाटलं तरी विहीर सामाईक. आणि आमची पाळी रविवारी ठेवा, गिरणीला सुट्टी असते."

रमाकांतने गंभीर चेहऱ्याने रविवार लिहून घेतला. गुणाजी खूश होऊन परतला आणि पुढच्या मोर्चात असा ओरडला, की नाक्यावरची कबुतरं परळपर्यंत गेली म्हणतात.

राज्य मिळायची घटका आली, तेव्हा ठाकूरद्वारच्या त्या खोलीत कुणी तरी पापड विकत होतं. रमाकांतही नव्हता, कंपनीही नव्हती. गुणाजीने घरी काही सांगितलं नाही. कौसल्येनेही विचारलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

एक मेच्या संध्याकाळी चाळभर पणत्या लागल्या. कौसल्येने डबा उपडा केला, तर तेलाचा थेंब नाही. घरोघर दिवे, तिथे वाण्याकडचं तेल कधीच संपलेलं.

"काय रे, घोषणा देणाऱ्याच्याच दारात काळोख?" सीताराम पलीकडून ओरडला.

गुणाजी घरात गेला. देव्हाऱ्यातली बाटली उचलून त्याने लाख फोडली. वास नाकात शिरला आणि त्याचा हात थांबला. हा वास तो रोज अंगावर घेऊन घरी येत होता. गिरणीच्या यंत्रांतून गळलेलं, टाकून दिलेलं काळं तेल होतं ते. कदाचित त्यानेच घातलेलं. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसूच, आणि ते काही केल्या आवरेना.

"लागला काय वो तेल?" कौसल्येने बाहेरून विचारलं.

"लागला!" तो म्हणाला.

पणती पेटली. तिने असा धूर ओकला, की अर्धी चाळ खोकू लागली. सीताराम डोळे पुसत म्हणाला, "आयला, विहिरीला आग लागली काय?" गुणाजीने छाती भरली, त्याच धुरात खणखणीत घोषणा दिली आणि खोकत खोकत सगळी चाळ गरजली.

वाऱ्याने ज्योत हलली. कौसल्येचा हात सवयीने गळ्याकडे गेला, तिथे क्षणभर थांबला. मग तोच हात खाली आणून तिने पणतीला आडोसा धरला.