पाचव्या चाकातली हवा

मी एक जुनी स्टेपनी आहे. ही हकीकत १९७६ सालची, शिमग्याच्या थोडी आधीची.

मित्रांनो, स्टेपनी म्हणजे मोटारीचे पाचवे चाक. चार चाके रस्त्यावर पळतात आणि पाचवे डिकीतल्या अंधारात पडून असते. चारांपैकी एखाद्यावर संकट आले की त्याला बाहेर काढतात. मला उजेड दिसायचा तो असा कोणाच्या तरी संकटात. त्यामुळे अंधाराची भीती वाटायचीच, पण उजेडाची त्याहून जास्त वाटायची.

मी जन्मतः स्टेपनी नव्हते. एका मोठ्या कारखान्यात रबर, काजळी आणि दोऱ्यांचे थर एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबले, तेव्हा माझ्या अंगावर सरळ लांब रेघा उमटल्या. डांबरी रस्त्यावर नीट चालावे, ब्रेक दाबला की थांबावे, यासाठी त्या रेघा. तिथून मी सोलापूरला आले आणि शुक्रवार पेठेतल्या डॉक्टर विजयमालाबाईंच्या फियाट गाडीला लागले.

बाई स्वतः गाडी चालवायच्या. त्या काळी पेठेतून बाई गाडी चालवत निघाली की सायकलवाले पाय टेकवून बघत उभे राहायचे. सकाळी दवाखाना, आणि आठवड्यातून दोनदा मंगळवेढ्याच्या रस्त्यावरची गावे. बाईंची एक सवय होती. गाडीत बसण्याआधी त्या चारही चाकांवर अंगठा दाबून बघायच्या. पेशंटच्या पायावर सूज आहे का हे बघताना दाबतात, अगदी तसा. अंगठा रुतला नाही की म्हणायच्या, "शहाणी आहेस. चल."

त्या अंगठ्याच्या जोरावर मी तीन वर्षे पळाले. खडी, काटे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, कशाचीही भीती वाटली नाही. कोणीतरी आपल्याला रोज बघते आहे, एवढे पुरेसे असते.

बाईंचे यजमान मल्लिकार्जुनराव गिरणीत इंजिनिअर होते. त्यांना एकच वेड होते, शर्यतीचे. सोलापुरातले चारपाच हौशी गाडीवाले वर्षातून एकदा मोटारींची फेरी काढायचे. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, एकेका ठिकाणी पोचायचे. वाट मुद्दाम आडगावांतून, मातीच्या रस्त्याने काढलेली असायची. मल्लिकार्जुनराव गाडी हाकायचे आणि बाई शेजारी बसून घड्याळ आणि वाट सांभाळायच्या.

तीन वर्षांत माझ्या रेघा झिजल्या. नवे टायर घ्यायचे ठरले आणि नवराबायको गुरुबसप्पांच्या दुकानात आले. गाडी दारातच उभी होती, त्यामुळे मी सगळे ऐकले.

"मला मातीत धरणारे टायर पाहिजेत," मल्लिकार्जुनराव म्हणाले. "ते जाड गट्ट्यांचे."

"आणि मला डांबरावर थांबणारे पाहिजेत," बाई म्हणाल्या. "तुमची शर्यत वर्षातून एकदा. माझी रोज असते."

"रोजच्या रस्त्यालाही चालतात की गट्टे."

"चालतात. ओरडत चालतात. आणि ओल्या डांबरावर ब्रेक दाबला की दोन घरं पुढं जाऊन थांबतात."

गुरुबसप्पा पान जमवत मजा बघत होते. "अव्वा, भांडू नका. पुढं रेघांचे घ्या, मागं गट्ट्यांचे घ्या. पुढनं बाईंची गाडी, मागनं साहेबांची. हाय की नाही न्याय?"

दोघेही हसले. तोड निघाली होती आणि ती वाईटही नव्हती. मग गुरुबसप्पांनी विचारले, "आणि पाचवा कुठल्या जातीचा देऊ?"

मल्लिकार्जुनरावांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तो जुना राहू द्या डिकीत. स्टेपनीला कशाला नवा? तिला काय धावायचंय?"

अशी मी डिकीत गेले. झाकण धाडकन पडले आणि अंधार झाला.

माझ्या एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला पाना, वर औषधांची पेटी आणि एक पोते. सकाळी बाईंचा अंगठा चार चाकांवर दाबला जायचा. मला नुसता आवाज यायचा, "शहाणी आहेस. चल." चार वेळा. मी पाचव्याची वाट बघायचे. मग इंजिन सुरू व्हायचे.

खंडेनवमीला बाईंच्या सासूबाई दानम्मा गाडीची पूजा करायला बाहेर आल्या. चारही चाकांखाली लिंबू ठेवले, कुंकू लावले.

"पाचवं कुठाय रे मल्ल्या?" त्यांनी विचारले.

"ते झोपलंय अव्वा. उठवू नको."

"अय्यो, झोपलेल्याला पूजा नको का?"

पण तोवर नारळ फुटला होता आणि सगळे खोबऱ्याच्या मागे लागले होते.

आता मित्रांनो, माझी खरी भीती सांगते. माझ्या हवेच्या तोंडावरची टोपी कुठेतरी पडली होती. तिथून हवा निघून जात होती. फार हळू. कोणाला ऐकू जाणार नाही एवढी. मला मात्र ती रात्रंदिवस ऐकू यायची. दर आठवड्याला मी थोडी मऊ होत होते. आणि प्रत्येक खड्ड्यात मला वाटायचे, आता एखादे चाक बसेल, आता झाकण उघडेल, आता मला बाहेर काढतील, आणि ज्या क्षणी माझी गरज आहे त्याच क्षणी माझ्यात काही नसेल. ओरडायला तोंड नव्हते. जे तोंड होते त्यातून हवा जात होती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी गुरुबसप्पांकडे गेली. त्यांनी चार चाकांत हवा मोजली आणि डिकीवर थाप मारून विचारले, "पाचवीची बघू का साहेब?"

"माला बघते की रोज," मल्लिकार्जुनराव म्हणाले. माला म्हणजे आमच्या बाई.

घरी बाईंनी विचारले, "हवा बघून घेतली का हो सगळी?"

"घेतली."

'सगळी' हा शब्द मी अंधारात ऐकला आणि माझे उरलेसुरले बळ गेले.

निघताना दानम्मा दारात उभ्या होत्या. "बायकोला घेऊन कुठं उधळतोस रे? हळू जा."

"अव्वा, शर्यतीत हळू जायचं म्हणजे घरीच बसायचं."

"मग बस की!"

गाडी निघाली. सोलापूर मागे पडले, भीमेचा पूल गेला, आणि पुढे डांबर सोडून वाट काळ्या मातीच्या रस्त्याला लागली. ज्वारीची काढणी चालू होती. मागच्या गट्ट्यांच्या चाकांनी माती छान धरली होती आणि मल्लिकार्जुनराव गात होते. मी एकेक धक्का मोजत होते. आणि मग जे व्हायचे ते झाले. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा एक खिळा पुढच्या उजव्या चाकात घुसला. गाडी डगमगली, थांबली.

झाकण उघडले. उन्हाने माझे डोळे दिपले असते, मला डोळे असते तर.

त्यांनी मला घाईघाईने लावले. एकामागून एक बाकीच्या सगळ्या गाड्या धुळीचे लोट उडवत पुढे निघून गेल्या. मल्लिकार्जुनरावांनी मला एक लाथ मारून बघितली.

"जरा मऊ वाटतेय गं."

"मग इथंच थांबू. कोणाकडे सायकलचा पंप असेल."

"मंगळवेढ्यात भरू. आधीच उशीर झालाय."

"अहो, ऐका तरी..."

"माला, घड्याळ बघ. चाक मी बघतो."

त्या घाईत बाईंचा अंगठा माझ्यापर्यंत आलाच नाही. गाडी सुटली.

पुढच्या गावात काय चालले होते ते मला मागाहून कळले. त्या गावच्या सोजरबाईंच्या सुनेचे बाळंतपण आठ महिन्यांपूर्वी अडले होते. बाईंनी रात्रभर बसून दोघांना वाचवले होते. त्या नातवाचे नाव महिपती. आज बाईंची गाडी गावावरून जाणार, हे सोजरबाईंना कळले होते. त्या नातवाला काखेत घेऊन, ओवाळायचे ताट धरून, वेशीजवळच्या वळणावर उभ्या होत्या. बरोबर गावातल्या बायका. पुढच्या गाड्या आल्या आणि सगळ्यांच्या अंगावर धूळ उडवून गेल्या.

सोजरबाई चिडल्या. "ही काय रीत झाली व्हय? बाई आल्या की त्यांनाबी धुळीतच न्हाऊ घालायचं? आणा गं घागरी! सडा घाला सगळ्या वळणाला!"

बायकांनी विहिरीवरून घागरी आणल्या. अंगणात घालतात तसा रस्ताभर सडा घातला. एक घागर संपली की दुसरी. एकीने वळणावर रांगोळीसुद्धा काढली. आमचे चाक पंक्चर झाले नसते तर एवढा सडा घालायला त्यांना वेळच मिळाला नसता.

आमच्याकडची काळी माती तुम्हांला माहीत आहे. कोरडी असली की दगड, आणि ओली झाली की लोणी.

आम्ही वेगाने वळणावर आलो. मला ओलसर वास आला आणि पुढच्याच क्षणी माझ्याखाली जमीन राहिली नाही. मल्लिकार्जुनरावांनी स्टिअरिंग फिरवले. माझ्या शेजारच्या चाकाने वळायची धडपड केली. मला वळायचे होते, पण माझ्यात हवा नव्हती. माझ्या झिजलेल्या रेघांत चिखल भरला, माझे अंग दुमडले आणि मी नुसती घसरत राहिले, सरळ, वळणाच्या बाहेरच्या बाजूला. मागचे गट्टे चिखलाने लिंपून गुळगुळीत झाले होते. ज्या मातीसाठी ते घेतले होते, तिनेच त्यांना भरून टाकले.

बायका किंचाळत पळाल्या. सोजरबाई हलल्या नाहीत. त्या हसत होत्या! त्यांना वाटले, बाई ओवाळून घ्यायला गाडी आपल्याजवळ आणताहेत. त्यांनी तर एक पाऊल पुढे टाकले आणि ताट वर केले. काखेतले लेकरू माझ्याकडे बघत होते. गाडीत बाई ओरडत होत्या, "सोजरबाई, बाजूला! बाजूला व्हा!" पण काच लावलेली होती. सोजरबाईंना वाटले, बाई हाक मारताहेत.

इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. एक घागर माझ्याखाली आली आणि चेपली. तिच्या काठाने मला लोखंडी रिमवरून ओढून काढले. उघडे रिम चिखलात नांगरासारखे रुतले, गाडी हिसका देऊन गर्रकन फिरली आणि मागच्या बाजूने रस्त्याकडेच्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली.

मी अर्धी रिमवर, अर्धी चिखलात. माझ्यासमोर वीतभर अंतरावर सोजरबाईंची अनवाणी पावले होती. पैंजणावर चिखल उडाला होता. ताटातले निरांजन अजून जळत होते.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी आधी लेकरू घेतले, हातपाय चाचपून बघितले, परत दिले. मग माझ्याजवळ खाली बसल्या आणि माझ्यावर अंगठा दाबला. अंगठा पूर्ण आत गेला.

"मला वाटलं, तुम्ही बघितली," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, तू रोज बघतेस," मल्लिकार्जुनराव म्हणाले.

"आदी ओवाळून घ्या बाई," सोजरबाई म्हणाल्या, "मग भांडा की निवांत."

आणि त्यांनी ओवाळले. कुंकू लावले. मग मागे वळल्या, तर त्यांना माझ्या मागे पडलेली घागर दिसली, पुरीसारखी चपटी झालेली. त्यांनी घागरीकडे बघितले, माझ्याकडे बघितले, काखेतल्या नातवाकडे बघितले आणि त्या तिथेच चिखलात बसल्या. "म्या घातला गं सडा. म्या घातला," एवढेच त्या म्हणत राहिल्या. बाई त्यांच्या शेजारी चिखलात बसून होत्या, ऊन उतरेपर्यंत.

त्यानंतर गाडीला पाचही टायर एकाच जातीचे आले, सरळ रेघांचे. मल्लिकार्जुनरावांनी स्वतःच सांगितले. शर्यतीत ते पुन्हा उतरले नाहीत, पण दर वर्षी सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायचे आणि प्रत्येकाला डिकी उघडायला लावायचे. हौशी पोरे त्यांना 'स्टेपनीमास्तर' म्हणायची. ते रागवायचे नाहीत. गुरुबसप्पांनी दुकानावर पाटी लावली, 'आधी पाचवीची हवा बघू'. दानम्मा पुष्कळ वर्षे जगल्या आणि खंडेनवमीला पाच लिंबे घेऊनच बाहेर आल्या. विजयमालाबाईंनी म्हातारपणापर्यंत दवाखाना चालवला. मल्लिकार्जुनराव गेल्यावरही त्या गाडी काढायच्या आधी पाच वेळा वाकायच्या, गुडघे दुखायचे तरी. आता त्याही नाहीत. महिपती पुण्याला नोकरीला आहे. त्याला ही गोष्ट खरी वाटत नाही.

मला चपला करणाऱ्याला द्यायचे ठरले होते. सोजरबाईंनी मागून घेतले आणि त्यांच्या गावातल्या शाळेपुढच्या कडुलिंबाला दोराने टांगले. तेव्हापासून मी तुमचा झोका आहे. आता माझ्यात हवा लागत नाही. तरी कोणी दोर न बघता उडी मारून बसले की मला ती निघून जाणारी हवा पुन्हा ऐकू येते.

म्हणून सांगते मित्रांनो, जे रोज डोळ्यांसमोर असते त्याची काळजी सगळेच घेतात. जे अंधारात गप्प पडलेले असते, त्याच्यावरही एकदा अंगठा दाबून बघा. दुसऱ्याने बघितले असेल असे म्हणू नका.

सोजरबाई जाऊन खूप वर्षे झाली. पण त्यांच्या गावात अजूनही सकाळी सडा घालताना बायका रस्त्याच्या अलीकडे हातभर थांबतात. प्रत्येक दारापुढे एक कोरडी पट्टी राहते. नव्या सुना विचारतात, "हितं का घालायचा न्हाय?" कोणाला नीट सांगता येत नाही. घालायचा नाही, एवढेच सगळ्यांना माहीत आहे. झोक्यावरून मला ती पट्टी दिसते, वेशीपर्यंत गेलेली.