आणखी एक काडी

बापाने डाव्या हाताने मुलीचं डोकं भिंतीला टेकवून धरलं आणि तिच्या दातांमधल्या चपट्या लाकडी काड्यांच्या थप्पीत आणखी एक काडी सरकवली.

मुलीने त्याचं मनगट पकडलं. नखं रुतली.

"झालं, झालं. एवढीच."

तिने मान हलवली. घशातून नुसता आवाज आला. स्वयंपाकघरात आईने नळ पूर्ण सोडला. भांडी केव्हाच घासून झाली होती.

बाप रंगारी होता. नखांच्या कडांना चुना राहू नये म्हणून हल्ली कामावरून आल्यावर तो बराच वेळ हात घासायचा. पूर्वी जिन्यात त्याची पावलं वाजली की मुलगी दाराशी धावायची. आज कुठला रंग, असं दातांआडून विचारायची. दात उघडतच नसत. पडलेल्या एका दाताच्या फटीतून आई तिला पातळ करून भरवायची. हनुवटी गळ्याकडे ओढल्यासारखी मागे राहिलेली, म्हणून शाळेत तिला चिमणी म्हणत. घरी येऊन तिने ते स्वतःच सांगितलं होतं, ओठ मिटून हसत.

आपल्याच पोटात काही चुकलं, असं आईने इतकी वर्षं मनाशी धरलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचंच बोट तिच्या कानापुढे ठेवलं.

"तोंड उघडा. हलतंय ना काहीतरी? हिचं हलत नाही. लहानपणी कान फुटला होता?"

"दोन वर्षांची असताना. वाहायचा."

"तो पू सांध्यात उतरला. हाडं जुळून गेली. जबडा हलला नाही, म्हणून वाढलाही नाही. यात तुमची चूक नाही, बाई."

आई तिथेच रडायला लागली होती.

शस्त्रक्रियेत सांधा मोकळा झाला. हनुवटीचं पुढे बघू, असं बाई म्हणाल्या. मात्र दातांत काड्या सरकवून तोंड उघडायचा रोजचा व्यायाम चुकला तर हाड पुन्हा जुळेल. दुखलं तरी थांबायचं नाही. आईने पहिले काही दिवस केलं. मग मुलीने हात जोडले की आई काड्या बाजूला ठेवू लागली. पुढच्या तपासणीत तोंड जेमतेम बोटभर उघडलं. बाईंनी दोघांकडे बघितलं. परतताना बाप म्हणाला,

"उद्यापासून मी बघतो."

त्यानंतर जिन्यात पावलं वाजली की मुलगी पलंगाखाली शिरू लागली. त्याच्या हातून पाणीही घेईना. त्याने नवीन फ्रॉक आणला, तो तिने घडीसकट कपाटात ढकलला.

"तिला वाटतं तुम्ही राक्षस आहात," आई एकदा हळूच म्हणाली.

"वाटू दे."

पण त्या रात्री तो जेवला नाही.

आज काड्या काढून झाल्यावर तिने त्याला ढकललं आणि पलंगावर उभी राहिली.

"थोडा दम खा," तो म्हणाला. "मग अजून एकदा करू."

"नाही!"

एवढा मोठा आवाज त्या घरात तिचा कधी निघाला नव्हता.

"नाही म्हटलं ना! हात लावायचा नाही मला! तुम्ही माझे बाबा नाहीच! मरा तुम्ही!"

नळ बंद झाला. आई ओल्या हातांनीच धावत आली.

"जीभ झडेल, कार्टे! बापाला तोंडाला तोंड देतेस?"

तिने हात उगारला. बापाने तो वरच्या वर धरला.

"देऊ दे."

"अहो, पण काय बोलली ऐकलंत ना?"

"ऐकलं. देऊ दे तिला."

मुलगी पलंगावरून उडी मारून आतल्या खोलीत गेली. दार धाडकन लागलं.

"पडजीभ दिसली तिची," बाप म्हणाला. "पार आतपर्यंत दिसलं मला."

आईचा हात त्याने अजून सोडला नव्हता. तिने त्याच्याकडे बघितलं. तो त्या बंद दाराकडे बघत होता.